'रविवारची भांडी'चा हंगामी मॅनेजर

२३ मार्च, रविवार
आज ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची वाटणी. क्लिंट ओबरमायरच्या गॅरेजमध्ये दहा खुर्च्या, नऊ माणसं. रिकामी खुर्ची नोरीनची. क्लिंटने विचारलं, तिचा संघ या वर्षी काढून टाकू का. मी म्हटलं, खबरदार. बायको कोलंबसला बहिणीकडे गेली आहे, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती येईपर्यंत दोन्ही संघ मी बघतो. सगळे आपापल्या बिअरकडे बघायला लागले.

ऑपरेशन जानेवारीत झालं. गुडघ्याला वेळ लागतोच.

या खेळाची मजा बाहेरच्याला कळत नाही. खरे बेसबॉल खेळाडू खऱ्या मैदानावर खेळतात. आम्ही ते आधीच आपसात वाटून घेतो आणि घरबसल्या आपापले संघ चालवतो. माझ्या वाट्याचा माणूस शिकागोत होमरन मारतो आणि गुण मला इथे डेटनमध्ये मिळतात. मेहुणी बेव्हर्ली याला मोठ्या माणसांची भातुकली म्हणते. गुडघा तिचाच.

माझा पहिला मोहरा टॉलिव्हर. काय पिचर आहे, चेंडू फेकावा तर याने. या वर्षी चषक आपला.

संकल्प: अजिंक्यपद. रोज चालणे. नोरीनला न सांगता स्वयंपाकघर पिवळं रंगवणे. तिला फार दिवसांपासून हवं आहे.

६ एप्रिल, रविवार
सकाळी आधी माझा संघ लावतो, मग तिचा. घरच्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडंच असतं, त्यामुळे अडचण नाही. तिच्या संघाचं नाव 'रविवारची भांडी'. आमच्यात एक माणूस कमी पडत होता त्या वर्षी क्लिंट तिला म्हणाला, चल, तू ये, संघाला नाव दे. ती तेव्हा भांडी घासत होती.

ती दोनदा जिंकली आहे. मी अजून नाही. नशिबाचा भाग. मी कोष्टकं मांडतो. ती टीव्हीसमोर बसून पिचरचा चेहरा बघते. म्हणते, होमरन बसल्यावर जो मातीकडे बघतो तो नको, जो समोर चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडे बघतो तो घे. याला काय पद्धत म्हणायची.

टॉलिव्हर आज मातीकडे बघत होता. माती ओली असावी.

चालणे: उद्यापासून.

२० एप्रिल, ईस्टर
हॅम आणला, डुकराची अख्खी मांडी. एका माणसाला हॅम फार होतो. निम्मा फ्रीजरमध्ये टाकला, नोरीन आली की सूप करेल.

सिएटलहून टेसाचा फोन. इकडचं तिकडचं बोलून लेक म्हणाली, बाबा, आई जानेवारीत तुझ्याशी बोलली होती ना, नीट बसून? मी म्हटलं, बोलली की. मोठी बॅग माळ्यावरून मीच काढून दिली. चाक अडकत होतं, तेल घातलं. मग टॉलिव्हरच्या कोपराची काळजी वाटते असंही सांगितलं. टेसा नुसतं 'बाबा' म्हणाली. तिलाही काळजी वाटत असणार.

११ मे, मदर्स डे
कोलंबसला फुलं पाठवली. दुकानदार म्हणतो पोचली. उत्तर नाही. बेव्हर्लीचं दुखणं काढता काढता तिला उसंत कुठली.

माझा संघ नववा. काळजीचं कारण नाही, हंगाम लांबचा आहे. 'भांडी' चौथी. विचित्र आहे, कारण तिच्याकडे मी फारसं लक्षच देत नाही.

म्हणून एक चलाख सौदा केला. तिच्या संघातला किंकेड मी घेतला, बदल्यात तिला टॉलिव्हर दिला. मीच सुचवलं, मीच तिच्या खात्यातून होकार दिला. मतभेद झाले नाहीत.

तासाभरात बाकीच्यांनी बोंब मारली. क्लिंट फोनवर म्हणाला, हॅवरकॅम्प, अरे नवरा-बायकोतला झाला तरी सौद्याला दुसऱ्या माणसाने हो म्हणावं लागतं. मी म्हटलं, तिची हरकत नसते. तो म्हणाला, तू कधी विचारलंस का? सौदा रद्द झाला. क्लिंटला नियमांची फार खाज.

२५ मे
आमच्या दुकानात मंदी नाही, पण माणूस कमी. पावसाळी गवत वाढलं की सगळ्यांना एकाच दिवशी गवत कापायचं मशीन दुरुस्त करून हवं असतं. एका गिऱ्हाईकाने विचारलं, बाई दिसत नाहीत काउंटरवर? म्हटलं, मेहुणीचा गुडघा. तो म्हणाला, माझ्या आईचा तर सहा आठवड्यांत बरा झाला. त्याच्या आईचा गुडघा लहान असेल.

१४ जून, शनिवार
सकाळी 'भांडी' उघडली आणि हात थांबला. कोणीतरी संघ आधीच लावला होता. माझा लाडका राखीव खेळाडू काढून टाकलेला. त्याच्या जागी बाराओना नावाचं कोणी पोरगं, ज्याचं नाव मी ऐकलेलं नाही.

मी नाही केलं. म्हणजे तिने केलं.

ती बघते आहे.

घरभर फिरलो. चालणे झाले असे समजायला हरकत नाही.

२२ जून, रविवार
आता रोज सकाळी आधी तिचा संघ बघतो. माझा नंतर, जमलं तर. आज तिने ओहायोच्या संघांतले दोघे उतरवले. ओहायो, आमचं राज्य. बाकी देश पडला असताना. याहून स्पष्ट एखादी बाई काय सांगणार?

रंग आणला. रंगाच्या दुकानातल्या मुलीने पिवळ्याच्या इतक्या छटा काढून दाखवल्या की मला घाम फुटला. नोरीनला नक्की कोणता हवा होता? ती बोलली होती, कित्येकदा बोलली होती. लोण्यासारखा की मक्यासारखा, तेवढंच आठवेना. लोण्यासारखा घेतला. एक भिंत झाली.

४ जुलै, स्वातंत्र्यदिन
शेजारी फटाके, कणसं, सगळं. मला बोलावलं होतं. 'आम्ही दोघं पुढच्या वर्षी येऊ' म्हणून सांगितलं.

घरी बसून नोरीनला सौदा पाठवला. माझा सर्वात चांगला फलंदाज मी देतो, तू तुझा सर्वात वाईट दे. खाली दोन ओळी लिहायची जागा असते. तिथे लिहिलं, स्वयंपाकघराकडे एकदा येऊन बघ, हॅमही ठेवला आहे. कितीतरी खोडून एवढंच ठेवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. 'रस, नको. हा सौदा बाकीच्यांवर अन्याय आहे. आणि यापुढे माझ्या संघाला हात लावू नकोस, माझं मी बघते.'

उत्तर आलं हे महत्त्वाचं. शिवाय 'रस' लिहिलं आहे. जगात मला रसेलचा रस म्हणणारं दुसरं कोणी नाही.

२७ जुलै, रविवार
टॉलिव्हरचं कोपर गेलं. हंगाम संपला त्याचा. मी शेवटचा. 'भांडी' दुसरी. बाराओना सुटला आहे, रोज मारतोय. आता सगळ्यांनाच तो हवा झालाय. क्लिंट म्हणाला, तिने कुठून हुडकला रे हा? मी म्हटलं, आमच्यात चर्चा झाली होती.

टेसाने एक फोटो पाठवला. कोलंबसच्या छोट्या स्टेडियममध्ये नोरीन आणि बेव्हर्ली. बेव्हर्ली उभी आहे, दोन्ही पायांवर, हात वर करून ओरडते आहे. चांगलं लक्षण. या वेगाने ऑगस्टअखेर नोरीन मोकळी.

नोरीनच्या हातात हॉट डॉग, वर भरपूर मोहरीची चटणी. आमच्या घरात ती बाटली कधी येत नाही, कारण तिला मोहरी आवडत नाही. फोटो मोठा करून पाहिला. मोहरीच आहे. मग लक्षात आलं, आवडत नाही ती मला.

बाटली आणून ठेवली.

दुसरी भिंत झाली. पहिलीशी रंग जुळत नाही. वाळल्यावर जुळेल.

२४ ऑगस्ट
वाळला. जुळला नाही.

पुढच्या आठवड्यात माझा सामना 'रविवारची भांडी'शी. मधल्या पडझडीत ती चौथ्यावर आली आहे, हरली तर बाद फेरी हुकते. माझ्या जिंकण्याने माझं काही होत नाही, मी तळाशीच. अशा वेळी नवऱ्याने काय करावं हे मला कोणी शिकवायला नको.

३१ ऑगस्ट, रविवार
माझा अख्खा संघ मी आठवडाभर बाकावर बसवला. एकही माणूस खेळवला नाही. माझे गुण शून्य. नोरीन पुढे गेली. असं कोणी कोणासाठी केलं असेल असं आमच्या गटाच्या इतिहासात नाही.

क्लिंटचा फोन. म्हणाला, हॅवरकॅम्प, शरम वाटू दे. म्हटलं, तुझं लग्न झालेलं नाही, तुला नाही कळणार. तो म्हणाला, रसेल, अरे ऐक. तो मला रसेल कधी म्हणत नाही. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. रविवारी दुकान बंद असतं हे त्याला माहीत आहे, तरी बरं म्हणाला.

१ सप्टेंबर, लेबर डे
नोरीनच्या दोन ओळी आल्या. 'मी तुला हरवणारच होते. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस.'

सूर जरा तिखट वाटला. जेवणाच्या आधी लिहिलं असेल.

दिवसभर काही सुचलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
'रविवारची भांडी' जिंकली. शेवटच्या दिवशी, बाराओनाच्या जोरावर. मी टीव्हीसमोर एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग खाली बसलो.

क्लिंट चषक द्यायला आला. जुना बोलिंगचा चषक आहे, बाहुल्याच्या हातातला चेंडू काढून बॅट चिकटवलेली. म्हणाला, मी कोलंबसला नेऊन देतो तिला. मी म्हटलं, बायकोचा चषक नवरा नेईल. तो दारात उभा राहिला, स्वयंपाकघर बघितलं. छान झालंय, म्हणाला. दोन भिंती दोन रंगांच्या. भला माणूस आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार
कोलंबसला गेलो. दाढी, नवा शर्ट, चषक शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होतो. चांगलं ठरलं होतं.

बेव्हर्लीने दार उघडलं. पळायचे बूट, घाम. पळूनच आली होती. मी विचारलं, गुडघा कसा आहे? ती म्हणाली, कोणता? मग माझ्याकडे बघत राहिली, आणि नोरीनला हाक मारून आत गेली.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. नोरीनने केस कापले आहेत. चषक मांडीवर घेतला, बॅट हलते आहे म्हणाली. मी म्हटलं, घरी गोंद आहे.

ती म्हणाली, रस, जानेवारीत टेबलापाशी बसून मी तुला सांगितलं होतं की मी परत येणार नाही. गुडघ्याचं शेजाऱ्यांना सांग म्हटलं होतं. तुला नव्हतं सांगितलं ते.

मी नव्या शर्टाचं बटण चाचपलं.

ती म्हणाली, ऐकलं होतंस ना?

मी म्हटलं, हो.

मग समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करत होता, ते आम्ही बघत बसलो. ती म्हणाली, मी का जातेय असं तू एकदाही विचारलं नाहीस. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तोंडातून निघून गेलं. रस्त्यात ठरवलेलं हे नव्हतं.

तिने डोळे पुसले. मला वाटलं आता ती चल म्हणेल. ती म्हणाली, एकटा राहतोस, नीट जेवत जा.

मी सांगितलं, स्वयंपाकघर पिवळं केलंय. ती म्हणाली, कोणता पिवळा? मी म्हटलं, लोण्यासारखा. छान असतो तो, म्हणाली. तिला हवा होता तोच की नाही, ते विचारायचं राहिलं.

परत येताना शेजारची सीट रिकामी होती. पट्टा तसाच लावलेला राहिला होता.

५ ऑक्टोबर
दुकान बंद. घरीच.

१२ ऑक्टोबर, रविवार
नोरीनचा फोन आला. स्वतःहून. मी टीव्हीचा आवाज बंद केला, खुर्ची ओढून बसलो, काय झालं विचारलं. या वेळी विचारलं.

ती म्हणाली, काही नाही, एक काम होतं. पुढच्या वर्षी ती खेळणार आहे, क्लिंटशी बोलली आहे. मलाही खेळ म्हणाली, तुझ्याशिवाय गटात मजा नाही. फक्त घरच्या कॉम्प्युटरवर तिचं खातं अजून उघडं आहे, तेवढं बंद कर. मी म्हटलं, लगेच करतो. ती थँक्यू म्हणाली. आम्ही एकमेकांना थँक्यू कधी म्हणायचो नाही.

खातं बंद केलं. 'रविवारची भांडी' पडद्यावरून गेली आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. मला आत जायचं नव्हतं. फक्त ती तिथे पासवर्ड म्हणून काय लिहीत असेल, एवढंच पाहायचं होतं.

लग्नाची तारीख घातली. चूक. टेसाचा वाढदिवस. चूक. आमच्या गेलेल्या कुत्र्याचं नाव. चूक. मग बराच वेळ काही घातलं नाही. मग 'रस' घातलं.

कॉम्प्युटर म्हणतो, फार वेळा प्रयत्न झाले आहेत, थोड्या वेळाने पुन्हा या.

बसलो आहे.