आमचा अर्धा रस्ता

१२ जानेवारी
महिनाअखेर कालिंदीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. परतताना व्हीलचेअर या खड्ड्यांतून आणायची? अशक्य! गल्ली प्रायव्हेट, महापालिका हात लावत नाही. डावीकडे आमची बिल्डिंग, उजवीकडे लवूची (तिकडचा सेक्रेटरी तो), रस्ता दोघांचा. सेक्रेटरी मी, मीच करून घेणार. बायको गुळगुळीत रस्त्यावरून घरी येईल. फायनल.

१४ जानेवारी
लवूशी मीटिंग. म्हणे, अख्खा रस्ता एकदम करू, उतार मधल्या गटाराकडे ठेवू. मला अक्कल शिकवतो! जन्मभर माझ्या खिडकीखाली स्कूटर लावणारा माणूस. वर तिळगूळ पुढे केला. घेतला. गोड बोललो नाही.

१७ जानेवारी
मास्टरस्ट्रोक! रस्त्याच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. आपला अर्धा आपण करायचा, तोही वीतभर उंच. सगळं पाणी लवूच्या दारात. बुडू दे मेल्याला. कालिंदीने विचारलं, मग आपलं दार खाली नाही का जाणार? बायकांना लेव्हल कळत नाही.

२५ जानेवारी
काँक्रीट झालं. देखणं! घरातून रस्त्यावर चढून जावं लागतं, पण तेवढाच व्यायाम. लवूनेही त्याचा अर्धा करून घेतला, गटाराकडे उतार वगैरे देऊन. नकल्या.

३० जानेवारी
कालिंदी हॉस्पिटलात. इकडे टाकी ओव्हरफ्लो. रस्ता बांधासारखा आडवा, पाणी पलीकडे जाईना, सगळं आमच्या दारात. टाकी आमचीच निघाली. तरी लवूचा हात असणारच.

३ फेब्रुवारी
डिस्चार्ज. व्हीलचेअर लवूच्या अर्ध्यावरून सुळकन आली. आमच्या दाराशी वीतभर खाली उतरायचं, तिथे डबकं. फळी टाकली, ती तरंगत जिन्याखाली गेली. लवूची बायको मालन म्हणाली, वहिनी तोवर आमच्याकडे बसतील. मी ठणकावून नाही म्हटलं. कालिंदी हो म्हणाली.

७ फेब्रुवारी
अजून तिकडेच. तिथून हसणं ऐकू येतं, सुरमई तळल्याचा वास येतो. मी खिचडी. भेटायला गेलो तर मालनने विचारलं, पाहुण्यांना चहा चालेल ना? कालिंदी म्हणाली, दारासमोरचं फोडल्याशिवाय येणार नाही. माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. रागाने चहा अर्धा टाकला.

८ फेब्रुवारी
ठरवलं, स्वतःच फोडणार. कुणाचे उपकार नकोत. पहार कुठेच मिळेना.
लवूकडून आणली.