नग एक, वापरलेला

प्रिय आतेबंधू (वयाने चार महिन्यांनी थोर असल्यामुळे पूज्य, अन्य कोणत्याही कारणाने नव्हे),

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घातला आहे असं समज. आडवं होण्याला माझी ना नाही, पण पुन्हा उभं राहण्याबद्दल फुप्फुसं लेखी हमी देत नाहीत. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींना झोप लागते का? तू रोज सकाळी पाठवतोस ते श्वसनाचे व्हिडिओ पोचतात. त्यातल्या एका गृहस्थाने परवा पोट असं काही पाठीला नेऊन चिकटवलं की नुसतं बघूनच मला धाप लागली. माझ्या प्रकृतीचं विचारशील तर डॉक्टरांच्या मते मी ठणठणीत आहे. रक्त उत्तम, छातीचा फोटो उत्तम, हृदयाचा आलेख तर इतका सुबक की भिंतीवर लावावा. कोविडच्या त्या सतरा दिवसांनंतर रुग्णालयातून घरी आलो त्याला दोन वर्षं होत आली, आणि तेव्हापासून मी उत्तम रिपोर्टांचा आजारी माणूस आहे.

दुखणी दोन. पहिलं धाप. तिला आवाज असल्यामुळे लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. मी जिना चढू लागलो की वरच्या मजल्यावरची माणसं खुर्ची पुढे करतात. दुसरं दुखणं मुकं आहे. मी विसरतो. चष्मा, छत्री असलं सभ्य विसरणं नव्हे. वाक्याच्या मध्यावर वाक्याचा उरलेला अर्धा भाग कोणीतरी उचलून नेतो. म्हणून मी एक वही केली आहे. तिच्या एका पानावर माझ्याच अक्षरात ‘हे अजिबात विसरू नये’ असं लिहिलेलं आहे, खाली दोनदा रेघ मारलेली आहे, आणि पान कोरं आहे. हे दुसरं दुखणं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ऑफिसात नाही, डॉक्टरांना नाही, घरात तर नाहीच. (ज्या मुलाच्या पाटीवरून तू शब्दरूपं उतरवून घ्यायचास आणि तरीही षष्ठीला अडखळायचास, त्या मुलाने ‘मी विसरतो’ म्हणायचं म्हणजे घोड्याने ‘मी चालत जातो’ म्हणण्यासारखं आहे. गुरुजी म्हणायचे, याच्या डोक्यात गेलेलं बाहेर पडत नाही. आता तिथे मागचं दार बसवलं आहे.)

आता माझं काम तुला पुन्हा सांगतो, कारण तू सगळ्यांना ‘आमचा भाऊ छापखान्यात असतो’ एवढंच सांगतोस आणि लोक मला लग्नपत्रिकांचे दर विचारतात. औषधाच्या खोक्यात जो चोवीस घड्यांचा कागद असतो, जो तू न वाचता फेकतोस, तो आम्ही छापतो. छापण्याआधी मी कंपनीने पाठवलेली मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि समोर बसलेल्या बाई छापायच्या कागदावर पट्टी सरकवत ऐकतात. या बाई अकरा वर्षं माझं वाचन ऐकत आल्या आहेत. (एवढं तर आमच्या सौ.नेही ऐकलेलं नाही.) मात्रेच्या, म्हणजे किती गोळ्या आणि कधी, या ओळींसाठी आमच्याकडे एक जुना रिवाज आहे: तिथे कागदांची अदलाबदल करायची. मूळ प्रत बाईंकडे द्यायची, छापायचा कागद मी घ्यायचा, पुन्हा पडताळायचा, चूक असेल तर लाल शाईने मीच दुरुस्त करायची आणि बाजूला माझी आद्याक्षरं. त्या लाल अक्षरांशिवाय यंत्र सुरू होत नाही.

शुक्रवारी दुपारी डबा उघडला, पहिला घास घेतला, आणि माझ्या कानात माझाच आवाज आला: ‘रोज एक गोळी.’ आणि डोळ्यांपुढे मूळ प्रतीची ओळ आली: ‘आठवड्यातून एक गोळी.’ सांध्यांच्या सुजेवरचं औषध. आठवड्यातून एक घेतली तर औषध, रोज एक घेतली तर विष. घास तसाच राहिला. कारण मला कळलं की बुधवारी बाईंसमोर ती ओळ मी वाचलीच नव्हती, म्हटली होती. तीस वर्षं त्याच धर्तीची वाक्यं वाचल्यावर जिभेला ती पाठ झाली आहेत. डोळा कागदावर असतो, पण जीभ पाठांतरातून बोलते. एकेकाळी हा माझा अलंकार होता. आता पाठांतराला भोकं पडली आहेत आणि भोकात जीभ हाताला येईल ते वाक्य भरते. आता यावर पूर्वपक्ष ऐक: हे खरोखर घडलं, की ‘घडलं’ असं वाटणं हाच आजार? ज्याची आठवण दिवाळखोर, त्याच्या शंकेला तरी पत किती? खोकी सीलबंद होऊन फाटकापाशी उभी होती. गाडी चारला सुटणार होती. खोकं उघडायचं तर साहेबांची परवानगी, आणि परवानगी मागायची तर कारण. घड्याळात तीनला दहा कमी.

उरली एकच वाट: लाल शाईची मूळ पानं चौथ्या मजल्यावर दफ्तरखान्यात असतात, ती गुपचूप बघायची. पण शुक्रवारी दफ्तरखाना साडेतीनला बंद होतो, आणि वर चौऱ्याहत्तर पायऱ्या आहेत. माझा हिशेब एका दमात चौदा, मग सहा-सात मिनिटं कठड्याला धरून निसर्गसौंदर्य (म्हणजे समोरच्या इमारतीचे पाइप) पाहणं. पोचेपर्यंत कुलूप लागलं असतं. मी मालाच्या लिफ्टपाशी गेलो. तिथल्या लिफ्टवाल्याला आम्ही चलनबुवा म्हणतो, कारण मालाच्या चिठ्ठीशिवाय तो सुतळीचा तोडाही वर नेत नाही.

“माणसं नेत नाही,” तो म्हणाला.

“माणूस म्हणून कुठे म्हणतोय मी?”

“मग चलन आणा.”

मी तिथेच पुस्तक मागितलं आणि लिहिलं: ‘नग एक. मुद्रितशोधक. वापरलेला. तळमजल्यावरून चौथ्यावर.’ त्याने ते ओठ हलवत वाचलं. मला वाटलं आता हसेल. “वजन?” म्हणाला. बासष्ट म्हटलं. “नाजूक?” मी हो म्हणालो. त्याने चिठ्ठीवर ‘नाजूक’चा शिक्का मारला, मला कागदाच्या दोन रिळांच्या मधे उभं केलं आणि दार ओढता ओढता विचारलं, “परतीचं चलन?” म्हटलं, परत यायचं की नाही ते वर गेल्यावर कळेल. “मग दोन दिवसांत क्लिअर करा,” तो म्हणाला, “माल पडून राहिलेला चालत नाही.”

दफ्तरखान्यात खुर्ची नाही. फाइल हातात घेऊन मी जमिनीवरच बसलो. एकेक पान उलटत गेलो. ओळ सापडली. छापलेलं होतं ‘रोज एक गोळी’. त्यावर लाल रेघ, वर लाल अक्षरात ‘आठवड्यातून एक गोळी’, बाजूला माझी आद्याक्षरं. पाठीमागे अखेरचा छापील नमुना टाचलेला होता, तोही बरोबर. म्हणजे खाली खोक्यांतलं औषध औषधच होतं. मी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, आणि मिटलेले उघडले. पुन्हा ते अक्षर बघितलं. आजारानंतर माझ्या अक्षराला कंप सुटला आहे (बँकेने दोनदा सही परत पाठवली). हे अक्षर ठाम होतं. आतेबंधू, ते माझं अक्षर होतं, पण दोन वर्षांपूर्वीचं.

एवढ्यात आमचे साहेब कसल्याशा सहीसाठी वर आले. सज्जन आहेत, पण त्यांच्या कपाळावर कायम एक नियम उभा असतो. रिळांच्या धुळीने माखलेला मी, फाइल मांडीवर, तोंड उघडं.

“तुम्ही इथे कसे आलात?”

“चलनाने,” मी म्हणालो. खोटं बोलण्याइतका श्वास नव्हता.

मालाच्या लिफ्टमधून मनुष्यप्रवास, लेखी खुलासा, सोमवारी दहा वाजता, एवढं बोलून ते गेले. का आलात, ते त्यांनी विचारलंच नाही.

खाली आलो तर बाई पट्टी पुसत होत्या. चारची गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, ती लाल अक्षरं माझी नाहीत. बाईंनी वरही पाहिलं नाही. “सहावी वेळ,” म्हणाल्या.

“सांगितलं का नाहीत?”

“कुणाला? तुम्हाला? तुम्ही विसरला असता.” मग पट्टी खाली ठेवली. “तुमच्या जागी नवा कुणी आणला असता. मला नव्याचं ऐकायचं म्हणजे पहिले सहा महिने कपाळशूळ. तुम्ही चुकता, पण वाचता छान.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “पण मंगळवारपासून मी महिनाभर नाही. मुलीचं बाळंतपण आहे. तुमच्यासमोर कोण बसणार, त्याला काय काय दिसेल, मला ठाऊक नाही. काय करायचं ते बघा. लिहिणार असाल तर माझंही लिहा. आद्याक्षरं दुसऱ्याची करणं नियमात बसत नाही, एवढं मलाही कळतं.”

मग मी काय केलं असेल? सोमवारी दहाच्या ठोक्याला साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. पहिल्या ओळीत लिफ्ट. दुसऱ्या ओळीपासून सगळं: मी विसरतो, सहा वेळा चुकलो, मला मात्रेच्या ओळींवरून आजपासून उठवावं, बाईंनी जे केलं त्यामुळे माणसं वाचली आहेत, आणि त्याचा दोष काढायचा तर तो माझ्या खात्यात काढावा. साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. कपाळावरचा नियम क्षणभर बसला. “बसा,” म्हणाले. मी अजिबात न अडखळता, एका श्वासात, माझी बाजू मांडली. त्यांचे डोळे पाणावले.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुझा (चार महिन्यांनी) धाकटा,
मामेभाऊ

ता. क. : टपालाला वेळ नाही, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतो आहे. वेळ का नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. नसेल तर कळव, म्हणजे विसराळूपणा घराण्यात आहे असं म्हणता येईल.

पुन्हा ता. क. : ज्या माणसाला चौदा पायऱ्यांना थांबावं लागतं त्याने ‘एका श्वासात बाजू मांडली’ हे तू खरं मानलंस काय? आज रविवार आहे. सोमवार अजून उगवायचा आहे. माझ्याकडे दोन खुलासे लिहून तयार आहेत. डाव्या खिशातला तू वर वाचलास. उजव्या खिशातला दोन ओळींचा आहे: ‘मालाच्या लिफ्टने प्रवास केला. पुन्हा करणार नाही.’ त्यात एक अक्षरही खोटं नाही. साहेबांनी तेवढंच मागितलं आहे, आणि निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. सौ. आत्ताच इस्त्री केलेला शर्ट ठेवून गेली. तिला दोन्ही खिशांतलं काही माहीत नाही.

शेवटचं ता. क. : तर काम एवढंच. उद्या सव्वादहाला फोन कर. प्रकृती विचारू नकोस, गुडघ्याचं सांगू नकोस. फक्त विचार, ‘डावा दिलास का?’ मी विसरलो असं म्हणालो, तर विश्वास ठेवू नकोस.