सुशीला देवाला काय बोलली

१८ मार्च १९७४, सोमवार. सातारा.
जेवताना सुशीला म्हणाली, "मी बोलले होते." म्हटलं, कोणाशी? तिनं नुसतं वर बघितलं. गेल्या पावसाळ्यात मिरजेला माझं पोट फाडलं, तेव्हा ही बाहेर बाकावर बसून बोलली: हे उठले तर दोघं साताऱ्याहून चालत येऊ, मिशन दवाखान्याच्या देवळात उपकार मानू. आता ईस्टरआधीचा उपासकाळ, म्हणून आठवण.
म्हटलं, अगं, हा नवस झाला.
"नवस त्यांच्यात. आपल्यात प्रार्थना."
मग फेडायची कशाला? ताटात भात जरा जोरात पडला. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, बायकांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

२१ मार्च.
कचेरीत रजा मागितली. कारण: मिरजेस पायी जाणे. साहेब म्हणाले, एसटीचा संप आहे का? माझं वय बावन्न, सुशीलेचं त्याहून कमी, तिच्या गुडघ्यांचं सत्तर.

२४ मार्च, रविवार.
उपासनेनंतर सुशीलेनं पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "ताई, ख्रिस्तानं सगळं फेडलंय. आपण काय फेडणार?"
"त्यांचं त्यांनी फेडलं. माझं मी बोललेय."
पण पाळकसाहेब हुशार. चहा संपेपर्यंत अख्खी मंडळी मिरजेला निघाली होती. यात्रा म्हणायचं नाही, त्या शब्दाला वास येतो. 'साक्षफेरी'. पुढं कापडी फलक, मागं म्हाताऱ्यांसाठी भाड्याची जीप. म्हातारे कोण? सगळे आमच्याकडं बघत होते.

१ एप्रिल.
निघालो. तारीख कोणी निवडली कोण जाणे.

२ एप्रिल, मंगळवार. उंब्रज.
नागठाणे मागं पडलं आणि सुशीलेचा गुडघा नारळाएवढा झाला. तिला उचलून जीपमध्ये. "भाऊ, तुमचंही ऑपरेशन झालंय," म्हणून मलाही. बसलो. बरं वाटलं, हे इथंच लिहितो, तिला सांगणार नाही.
उंब्रजला एका घराच्या ओट्यावर पाणी मिळालं. तिथली बाई: "कुठल्या देवाला निगालाय वो?" पाळकसाहेब घसा साफ करायला लागले. तेवढ्यात सुशीला: "ह्यांचं पोट कापलं तिथं. चालत येईन म्हणून बोललेय."
बाईनं जीपकडं बघितलं. "मग ह्यातनं कसं फिटंल, बाई?"
तांब्या घेऊन आत गेली. साहेबांचं प्रवचन घशातच राहिलं. सुशीला रात्री जेवली नाही.

३ एप्रिल.
सकाळी सुशीला जीपमध्ये चढेना. म्हटलं, चालू इथून. "इथून नाही. जिथं चढलो तिथून."
पाळकसाहेब म्हणाले, "ताई, झावळ्यांच्या रविवारी मिरजेत कार्यक्रम ठरलाय." त्यांचंही बरोबर. फलक पुढं गेला.
आम्ही एसटीनं मागं, नागठाण्याच्या पुढच्या चिंचेपाशी. मागं जायला एसटी चालते, पुढं जायला नाही. देवाचे नियम सुशीलेला पाठ आहेत, पाळकसाहेबांना अजून शिकायचेत. कंडक्टर म्हणाला, "मामा, काय इसरलं का हितं?" म्हटलं, व्हय.

५ एप्रिल. कराडच्या अलीकडं.
ती बांधापाशी बसते, उठते, पुन्हा बसते. उसाच्या बैलगाड्या पुढं जातात. एक गाडीवान थांबला, "बसा की." सुशीलेनं मान हलवली. तो माझ्याकडं बघून हसला, बायको खुळी असलेल्या नवऱ्याकडं बघतात तसं.
विचारलं, न फेडून काय होईल? म्हणाली, "तुम्ही उधारीवर आहात." एवढंच. म्हणजे ही माझ्यासाठी चालत नाही, मला परत मागतील म्हणून चालते. दोन्हींत फरक आहे का, हे पाळकसाहेबांना विचारायला हवं होतं.

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. नेर्ल्यापाशी.
मिरजेत आत्ता मंडळी झावळ्या हलवत होसान्ना गात असेल आणि मी वाचलो म्हणून उपकारस्तुती करत असेल. मी इथं झाडाखाली.
पहाटेपासून टाक्यांच्या खाली दुखतंय. पहिल्यासारखंच, तिथंच. चालून असेल. पोट चालत नाही, हेही कळतं.
सुशीलेनं वळून विचारलं, "काय दुखतंय?" म्हटलं, पाय. पोट म्हटलं असतं तर म्हणाली असती, जीपमुळं. मग तिनं गुडघा बांधून मला पायीच पळवत नेलं असतं की एसटीत बसवून दवाखान्यात, हे काही मला सांगता येईना. तिलाही आलं नसतं. देऊळ आणि दवाखाना एकाच आवारात, आणि एकात पायी जायचंय, दुसऱ्यात लवकर.
ती उठलीय. पिशवी तिनंच उचलली. "चला, ऊन व्हायच्या आत पेठ तरी गाठू."