नुसतं नावाचं लाल

प्रिय आई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, गमबूट अजून गळत नाहीत.

तू विचारलं होतंस, लाल शेवाळाने नदी छान दिसत असेल ना? अगं, ते नुसतं नावाचं लाल. जिवंत असताना काळपट हिरवं असतं, दगडाला चिकटून. लाली चढते ती मरताना.

गेल्या वर्षी आमच्या नकाशावर ते नऊ ठिकाणी होतं. यंदा एकाच दगडावर सापडलं, जेमतेम मूठभर. कुठल्या जातीचं आहे हे बघून सांगता येत नाही, तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली ठेवावा लागतो. तासभर पाण्यात नुसती उभी राहिले. शेवटी तोडलं. जात कळली, पण दगडावर फारसं काही उरलं नाही.

तुझ्या गाठीचाही तुकडा तपासायला दिलाय, हे काल दादाने फोनवर सांगितलं. तू का नाही सांगितलंस? रिपोर्टचं विचारलं तर तो म्हणाला, "बाबांची तब्येत मस्त आहे." मी बाबांचं विचारलंच नव्हतं गं.

आजाराचं नाव कळलं की आधी मला सांग. नाही, राहू दे. आधी तुला कसं वाटतंय तेवढंच सांग.

तुझी धाकटी,
अजून पाण्यातच उभी