पुढचं पीक : घर

१९ जानेवारी, रविवार

दुपारी धाकटा भाऊ उत्तम तीर्थपुरीहून पेढे घेऊनच आला. आमच्या शहराच्या जुन्या कचरा डेपोवर तो घरासाठी प्लॉट घेतोय, तिथल्या मातीचा अहवाल आला होता.

"अक्का, सेंद्रिय कर्ब भरपूर निघाला. आपल्या वावरात बी एवढा न्हाई. आता तर एकदम खुश?"

कागद पाहिले. हे तर शेतीचं माती परीक्षण! सोबतच्या अर्जात 'पुढचं पीक' या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : घर.

हसू आवरेना. पण चूक कुणाची? 'माती तपासल्याशिवाय सही करू नकोस' असं बजावणारी मीच. कसली तपासणी, ते सांगितलं नाही. शेतकऱ्याने त्याला ठाऊक असलेली करून आणली. आणि मी म्हणे विज्ञान शिकवते.

पेढा खाण्याआधी सांगावं की नंतर? नंतरच सांगितलं, कबूल.

"खाली कचरा कुजलाय, म्हणून कर्ब. शिसं, वायू, बोअरचं पाणी, यातलं काहीच पाहिलेलं नाही यात."

मी विचारलं, "तिथं मेथी लावलीस तर तुझ्या पोरींना खाऊ घालशील?"

"न्हाई." मग स्वतःच हसला. "मंग पोरींनाच कसं ठेवू तिथं?"

सही थांबवली. बरोबर तपासणी कुठे होते, ते उद्या मी शोधणार.

निघताना दारातून म्हणाला, "नव्या अर्जात पीक काय लिहू?"

"रकाना असला तर घरच लिही," म्हटलं.

त्या अर्जातलं तेवढंच तर बरोबर होतं.