टाकीत कोण बसणार

गेर्डनरच्या तळ्याकाठी, तंबूतून
रविवार, ३ मार्च

प्रिय कर्स्टन,

आम्ही सुखरूप पोचलो. तू बरी असशील. नाताळपासून तू फोन उचलत नाहीस आणि इथे तर तो लागतच नाही, म्हणून पत्र लिहितेय. जवळच्या मेंढीफार्मवरची गाडी उद्या टपाल घेऊन गावात जाईल, तिच्याबरोबर देईन.

रस्ता वाईट होता. शेवटचा सगळा टप्पा लाल मातीचा, त्यात ट्रेलरचा एक टायर फुटला. बाबांची ती टाकीची गाडी ट्रेलरवर ताडपत्रीखाली होती तरी आतपर्यंत धूळ गेली, ती पुसण्यातच काल संध्याकाळ गेली. तळं कोरडं, नुसतं मीठच मीठ. त्या मिठावर उतरायच्या आधी चपला-बूट घासून पुसावे लागतात आणि गाडीची चाकंही. मिठावर तेलाचा एक थेंब सांडलेला कोणाला खपत नाही. प्रत्येक गाडीखाली काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. माझ्या हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलंय. शेजारच्या तंबूतल्या डल्सी ट्रेगेन्झाने मला तिचं मलम दिलं. ती इथल्या वेगाच्या फेऱ्यांत मोटारसायकल पळवते, वय सत्तरच्या पुढे. मला म्हणाली, "पहिल्यांदाच आलात ना? तुमच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरनंच कळतं. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा दिसतो तसा दिसतोय."

तपासणी आज दुपारी झाली. गाडीत काही दोष निघाला नाही. उलट मुख्य तपासनीस बेव्हन हॉकिंग गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, विमानाच्या पोटाखालच्या इंधनटाकीपासून बनवलेल्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या, पण एवढं नीट वेल्डिंग थोड्यांचंच असतं. बाबा नुसते मान हलवत होते. एक छोटी चाचणी तेवढी राहिली आहे, ती उद्या सकाळी परत होईल. हातमोजे नवे आहेत, कडक आहेत.

नाताळला तू म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात आहे. दर शनिवारी इस्पितळात तू असल्याच वेगवेड्या, जखमी लोकांचे कपडे कात्रीने कापतेस, ते. मी तुझ्याशी वाद घालत नाही.

कुत्रं शेजारच्या मेव्हिसकडे ठेवलंय. टोमॅटोला ती पाणी घालेल.

तुझी,
आई

ता. क. तुमच्या इस्पितळात मेंदूचे चांगले डॉक्टर कोण आहेत? माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय.


पोर्ट ऑगस्टा
गुरुवार, ७ मार्च

प्रिय कर्स्टन,

मैत्रीण वगैरे कोणी नाही. तू नर्स आहेस, तुला ते वाचताक्षणीच कळलं असणार.

आम्ही दोघंही धडधाकट आहोत हे आधी वाच, मग पुढचं वाच.

त्या चाचणीत काय असतं ते सांगते. पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून, पट्टे आवळून चालकाला गाडीत बसवतात आणि वरचं झाकण लावतात. बेव्हन म्हणतो "आग", की चालकाने कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर यायचं. रविवारी बाबा आत बसले, झाकण लागलं, बेव्हन "आग" म्हणाला आणि काहीच झालं नाही. झाकणाच्या काचेतून मला त्यांचा उजवा हात दिसत होता. अंगठा बक्कलवर जाई, घसरे, परत जाई. छातीवर कोणी टकटक करावं तसं दिसत होतं. बेव्हनने बराच वेळ वाट पाहिली, मग स्वतः झाकण उघडलं.

"हातमोजे," बाबा म्हणाले. "नवे आहेत."

"उद्या सकाळी परत करू," बेव्हन म्हणाला. मागे लोक रांगेत होते, त्याने पुढच्याला हाक मारली.

पिकअपमध्ये बसल्यावर बाबांनी मला सांगितलं. पार्किन्सन. ऑक्टोबरमध्ये व्हायला गावातल्या डॉक्टरांनी निदान केलं. पेपरमिंटच्या डबीत गोळ्या ठेवत होते आणि मला वाटत होतं की माणसाला म्हातारपणी गोडाची आवड लागली. गेल्या हिवाळ्यात चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागले तेव्हाही मी काही विचारलं नव्हतं.

मी रडले नाही. मला राग आला होता. पण राग काढायच्या आधीच ते म्हणाले, "गोळी घेतल्यावर तासाभराने हात ठीक होतो. उद्या मी वेळ साधून घेईन. तू फक्त बेव्हनपाशी काही बोलू नकोस."

तुला मी पहिलं पत्र लिहिलं ते यानंतर.

सोमवारी सकाळी त्यांनी वेळ साधली. आत बसले, बेव्हन म्हणाला "आग", आणि बाबा सशासारखे बाहेर. डल्सीने टाळ्या वाजवल्या. बेव्हनने गाडीच्या नाकावर हिरवी चिकटपट्टी लावली, म्हणजे आता कोणी अडवणार नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवेना. पाच वर्षं ते ही गाडी बांधत होते आणि त्या शेडमध्ये मी त्यांना जेवायचं ताट नेऊन दिलंय, कर्स्टन. ती टाकी त्यांना कोणत्या शेतात सापडली, तिला पहिलं भोक कुठे पाडलं, सगळं मला ठाऊक आहे.

मी त्यांना ट्रेलरच्या मागे नेलं.

"तू जाऊन सांग बेव्हनला," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"पास झालो ना मी? तुझ्या डोळ्यांदेखत."

"गोळी पास झाली. रांग लांबली तर? उभं राहून दुपार झाली, आणि गाडी पळवताना हात गेला तर?"

"ग्लेन, चाळीस वर्षांत तू कधी माझी चहाडी केली नाहीस."

"कधी वेळ आली नव्हती."

त्यांनी हातमोजे काढून ट्रेलरवर आपटले. मग मिठाकडे बघत उभे राहिले. मी पण उभी राहिले. त्यांना वाटत असेल मी थोड्या वेळाने निघून जाईन. मी गेले नाही. शेवटी ते स्वतःच बेव्हनच्या तंबूकडे चालत गेले, आणि मी दहा पावलं मागे, पळून जाणाऱ्या पोरामागे जावं तशी.

बेव्हनने सगळं ऐकून घेतलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. "सांगितलंस हे बरं केलंस," म्हणाला. "पण आता मी तुला आत बसू देऊ शकत नाही."

"ठाऊक आहे."

"मग गाडी परत नेणार?"

बाबांनी घसा खाकरला. "दुसरी चालक आहे. नाव घातलेलं आहे, डॉक्टरी तपासणी झालेली आहे."

"कोण?"

"ही."

हो, माझं नाव घातलं होतं हे मला माहीत होतं. नोव्हेंबरमध्ये बाबा म्हणाले की गाडीसोबत येणाऱ्या दोघांचंही नाव लागतं, आणि मी सही केली, तपासणी करून आले. ते खोटं होतं. असा काही नियम नाही. आसन बसवताना मला आत बसवून मापं घेतली होती, म्हणे आमची बसल्यावरची उंची सारखीच आहे, म्हणजे त्यांना बाहेरून बघता येईल. तेही खोटं.

"तुला तेव्हापासून माहीत होतं," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"वाटत होतं, गरज लागणार नाही," बाबा म्हणाले.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बेव्हनकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "बाई, घाई नाही. नाही म्हटलंत तर इथे कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही." ते इतक्या मायेने म्हणाला की मला उगाच चीड आली. आयुष्यभर मी मेंढरांचा ट्रक चालवलाय, शाळेची बस चालवलीय. मी म्हटलं, "बसते."

डल्सीने तिचा जादा पोशाख दिला, तो पोटावर घट्ट आणि पायात आखूड. "श्वास आत घे गं," ती चेन ओढताना म्हणाली, "गाडी पळताना सोडायचा." त्या दुपारी मी चाचणी दिली. पहिल्या वेळी पाय अडकला. दुसऱ्या वेळी बाहेर आले.

मंगळवारी पहिली फेरी. नवख्यांना पहिल्यांदा ताशी सव्वाशे मैलांच्या वर जाऊ देत नाहीत. सुरुवातीच्या रेषेवर बाबा माझे पट्टे लावायला वाकले आणि त्यांच्या बोटांना ते बक्कल बसवता येईना. फेरी सुरू करून देणारा माणूस झेंडा घेऊन उभा. मागे रांग. मला हेल्मेटमधून फक्त त्यांची बोटं दिसत होती. मी मदत केली नाही. ते माझं काम नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने म्हणाले, "डल्सी, तू लाव. माझा हात चालत नाही."

हे ते पहिल्यांदाच चारचौघांत बोलले.

मागून पिकअपने ढकललं, इंजिन लागलं, पिकअप मागे राहिली. पुढे काही नव्हतं. फक्त मिठावर काढलेली एक काळी रेघ आणि तिच्या शेवटी पाण्यासारखं हलणारं काहीतरी, जे पाणी नाही. सव्वाशे मैलांच्या आत राहून मी परत आले. बाबांनी विचारलं, "तापमान काय होतं?" मला पाहायचंच सुचलं नव्हतं. ते हसले. रविवारनंतर पहिल्यांदा.

आता बुधवारचं. इथपर्यंत तू शांतपणे वाचलं असशील तर पुढेही वाच.

दुसऱ्या फेरीत दीडशेपर्यंत जायचं असतं. सकाळभर रांग हलली नाही, कोणाच्या तरी गाडीने मार्गावर तेल सांडलं होतं. दुपारी वारा सुटला. माझी पाळी आली तेव्हा तो झेंडेवाला उघड्या झाकणाशी वाकला. "आडवा वारा आहे. अजून मर्यादेत आहे, पण जेमतेम. थांबायचं असेल तर रांगेतून बाहेर या, उद्या पहिला नंबर देतो."

बाबा म्हणाले, "ये बाहेर, ग्लेन."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि झाकण ओढून घेतलं.

दुसऱ्या मैलापर्यंत गाडी रेघेवर होती. मग मागचा भाग हलका झाला. कसं सांगू, पायाखालची फळी सरकावी तसं. मी स्टीअरिंग सरळ केलं तर ते माझं ऐकेना. रेघ समोरून डावीकडे गेली, मग मागे गेली, मग परत समोर आली. गाडी थांबवायच्या पॅराशूटचा दांडा ओढला. मापं घेताना बाबांनी शेडमध्ये, दांडा नीट चालतो का बघ म्हणत, ते माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की हात आपणहून गेला. मग सगळीकडे पांढरं झालं.

गाडी थांबली तेव्हा ती उलट्या दिशेला तोंड करून होती, चाकांवर उभी. इंजिन बंद. जळल्याचा वास. पहिला विचार तुझा नाही आला, बाबांचाही नाही. अंगठ्याचा आला. तो बक्कलवर ठेवला आणि दाबला. बक्कल सुटलं. झाकण उघडून मी मिठावर पाय ठेवला आणि चार पावलं जाऊन बसले. बचावाची गाडी आली तेव्हा मी बसलेलीच होते. जळत होतं ते तेल होतं, गरम नळीवर सांडलेलं. ज्वाळा नव्हती.

बाबा डल्सीच्या गाडीतून आले. गाडी थांबायच्या आत उतरले आणि पडले, उठले, पळत आले. त्यांचा हात असा हलत होता की तो वेगळाच कोणी जिवंत प्राणी वाटावा. एरवी ते तो खिशात घालतात. काल घातला नाही.

"लागलं?"

"नाही."

"हातमोजे काढ. दाखव."

मी काढले. माझे हातही त्यांच्याइतकेच थरथरत होते. त्यांनी ते धरून ठेवले आणि माझ्या शेजारी ओल्या मिठावर बसले. त्यांची पँट मागून भिजली, तिचा पांढरा डाग अजून गेला नाही.

बेव्हनने गाडी तपासली. म्हणाला, काही मोडलेलं नाही, उद्या परत खालच्या वेगापासून सुरू करू शकता. बाबा म्हणाले, "बस झालं." मीही मान हलवली. ट्रेलरवर गाडी चढवली, काळं प्लास्टिक गुंडाळलं, आणि डल्सीला पोशाख परत द्यायला गेले तर ती म्हणाली, "ठेव. पुढच्या वर्षी आणून दे."

मी तो ठेवून घेतला, कर्स्टन.

हे सांगायलाच मला इतकी पानं लागली. आजाराचं सांगणं सोपं होतं. मी बाबांसाठी झाकण ओढलं नाही. त्यांचं स्वप्न वगैरे पुरं करायला नाही. ते "ये बाहेर" म्हणत होते आणि मला जायचं होतं. मला ते आवडलं. गाडी फिरेपर्यंत आवडलं आणि आज सकाळी जाग आली तेव्हा पुन्हा हवंसं वाटलं. तू यावर काय म्हणशील ते मला माहीत आहे आणि तुझं चुकत नाही. पण तुला खोटं लिहायला मी आता तयार नाही, एका घरात खोटं बोलणारं एक माणूस पुरे.

सोमवारी सकाळी बाबांना तुझ्या अ‍ॅडलेडला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय. ते स्वतः हो म्हणाले. इथे आम्ही मुद्दाम दोन-तीन दिवस थांबतोय, म्हणजे हे पत्र आमच्याआधी तुझ्या हातात पडेल. रविवारी दुपारी तुझ्या दारात असू. आजाराचं तुला आता कळलं असलं तरी ते त्यांनाच तुला सांगायचंय, काल रस्ताभर मनात शब्द जुळवत होते. ते बोलतील तेव्हा मध्ये बोलू नकोस. माझ्याशी भांडायचं असेल तर नंतर स्वयंपाकघरात भांड, मी थांबेन.

आणि ट्रेलर ओढत मी चालवत येतेय हे पाहून घाबरू नकोस. काल मिठावरून निघताना बाबा पिकअपच्या पुढे, दोन्ही दारांच्या मध्ये जरा वेळ उभे राहिले. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडच्या बाजूने जाऊन बसले. लग्नानंतर ते माझ्या शेजारी बसून इतक्या लांब कधी आले नव्हते. सावकाश चालवतेय.

दार उघड, एवढंच.

गाडी चालवणारी,
तुझी आई