उताऱ्यात एकटेपणा नाही

४ जानेवारी, सोमवार

पाचपैकी चार उत्तरं चुकली! आणि मी म्हणे लेकीला शिकवणार होतो.

तिची हेड नर्सची परीक्षा सतरा तारखेला. तिसरी खेप, शेवटची – यानंतर बसू देत नाहीत. बाकी सगळं येतं, उताऱ्यावरच्या प्रश्नांत दोनदा अडकली. म्हटलं आण इकडे, जन्मभर कविता वाचल्यात.

उतारा दीपगृहाच्या रखवालदाराचा. त्याने दिवा लवकर का लावला? मी ‘एकटेपणामुळे’वर खूण केली. ती हसायलाच लागली.

“बाबा, उताऱ्यात धुकं लिहिलंय. एकटेपणा तुमचा.”

६ जानेवारी, बुधवार

क्लासवाल्यांनी तिला शिकवलंय – आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. गंमतच! आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच ‘काय काम काढलंत?’ विचारल्यासारखं. उत्तराच्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. नाही आलं तर ते उत्तर नव्हे. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असं ठासून सांगणाऱ्या पर्यायावर आधी संशय घ्यायचा.

आमचे कवितेचे गुरुजी म्हणायचे, दोन ओळींच्या मधलं वाचा. साठ वर्षं तेच करतोय. ओळी वाचायच्या राहिल्या की काय?

९ जानेवारी, शनिवार

तिचा घोळ सापडला. एकच उतारा तीनदा वाचते! वॉर्डात औषध देण्याआधी चिठ्ठी पुन्हा पुन्हा बघायची सवय, तीच इथे नडते. मी म्हटलं, कवितेला ध्रुवपद असतं तसं उताऱ्यालाही असतं. परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ नीट धर, मधलं लागेल तेव्हा. घड्याळ समोर ठेवलं. अकरा मिनिटांचं काम आठात!

“मास्तर, फी किती तुमची?” म्हणते.

१३ जानेवारी, बुधवार

टेबलावर तिच्या खात्याचं पत्रक. पास झाल्यास बदली – दूरच्या इस्पितळात. राहायला क्वार्टर. बोट ठेवून वाचलं: ‘एक खोली.’

घरात आम्ही दोघंच. म्हणजे मी इथेच राहणार. पत्रक होतं तसं ठेवलं.

संध्याकाळी सराव घेताना मनात आलं, एखादं उत्तर मुद्दाम चुकीचं सांगावं. फार लाज वाटली. दोन उतारे जास्तच घेतले.

१७ जानेवारी, रविवार

पायऱ्या दोन-दोन चढत वर आली. सगळे उतारे वेळेत झाले! मी म्हटलं, वा. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

२ फेब्रुवारी, मंगळवार

पास!

म्हटलं, मी इथे राहीन, काळजी करू नकोस. तिने ते पत्रकच माझ्यासमोर ठेवलं – “बाबा, पुढची ओळ.” ‘कुटुंब असल्यास दोन.’

क्वार्टरचा अर्ज तिने कपाटातून काढला. भरलेलाच होता. सोबत राहणार – वडील. खाली तारीख तिच्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची.